चार लाख बारा हजार, खरे

वाल्येवो गावात जुनी गाडी विकायला काढताना काट्यावर किती किलोमीटर असावेत, याचे काही संकेत ठरलेले आहेत. ते कुठे लिहिलेले नाहीत, पण पाळतात सगळे. आकडा एक लाख साठ हजारांच्या खाली असला तर लोक हसतात आणि एक लाख नव्वदच्या वर गेला तर विकणाऱ्याच्या घरच्या वळणाविषयी शंका घेतात. गाडी जर्मनीतून आलेली असो नाहीतर स्वित्झर्लंडमधून, तिचा पहिला मालक एक निवृत्त डॉक्टर असतो. तो ती फक्त रविवारी चर्चला जाण्यापुरती बाहेर काढत असे, आणि अशा रविवारांचे मिळून एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार किलोमीटर झालेले असतात. चर्च नक्की कुठल्या देशात होतं, असं कोणी विचारत नाही. आकडा मागे फिरवलेला आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि फिरवणारा मिस्त्री तर दोघांच्याही ओळखीचा असतो. तरीही सगळे गंभीर तोंडाने काट्यावर वाकतात आणि 'फारशी चाललेली नाही' म्हणतात. चारचौघांत बाईचं वय निघालं की जी सभ्यता आपण पाळतो, तीच ही.

त्यामुळे गावच्या साप्ताहिकात आलेली ती जाहिरात वेलिमिरने दोनदा वाचली. 'दोन माणसांची, हिरवी, वेगवान, छप्पर उघडणारी. पहिल्यापासून एकाच हातात. चार लाख बारा हजार किलोमीटर, खरे. अठराशे युरो. घासाघीस नाही.' एवढीच जाहिरात होती. 'खरे' हा शब्द तर वेलिमिरने गाडीच्या संदर्भात छापलेला प्रथमच पाहिला.

वेलिमिर औषधांच्या दुकानात नोकरीला होता. पांढरा कोट घालून गल्ल्यामागे उभं राहायचं, म्हाताऱ्यांना रक्तदाबाच्या गोळ्या द्यायच्या आणि त्यांनी सांगितलेले रोग ऐकायचे, असं त्याचं छप्पन्न वर्षांपर्यंतचं आयुष्य सुरळीत चाललं होतं. फक्त त्यातली एकही गोष्ट त्याने स्वतः ठरवलेली नव्हती. शिक्षण वडिलांनी ठरवलं, घर सासूबाईंनी पसंत केलं, बायको जुना मित्र स्रेतेन याने शोधली. (बायको चांगली निघाली, हे स्रेतेनला दरवर्षी वेगळं सांगावं लागतं.) सध्याची राखाडी डिझेल गाडी तळमजल्यावरच्या गोयकोने पारखून दिली होती. ती घेतली तेव्हा तिच्यावर एक लाख एकाहत्तर हजारांचा अतिशय सभ्य आकडा होता, आणि पुढच्याच महिन्यात तिचं इंजिन उतरवावं लागलं. तेव्हा ही हिरवी गाडी घ्यायची की नाही हे आपण ठरवायचं, एकट्याने ठरवायचं आणि ठरेपर्यंत कोणाला सांगायचं नाही, असा वेलिमिरने निश्चय केला. तो निश्चय दुकानापासून इमारतीच्या जिन्यापर्यंत टिकला.

जिन्यात गोयको उभा होता. गोयको बस आगारातून निवृत्त झाल्यापासून जिन्यातच उभा असतो. वेलिमिरच्या हातात वर्तमानपत्राची घडी आणि चेहऱ्यावर चोरटा आनंद बघून त्याने नुसतं "काय रे वेल्या?" एवढंच विचारलं, आणि वेलिमिरने जाहिरात वाचून दाखवली.

"चार लाख बारा?" गोयकोने चष्मा वर केला. "वेल्या, जरा हिशेब कर. जगात माणूस निम्मे दाखवतो. निम्मे चार, म्हणजे पुरे आठ. आठ लाख म्हणजे ती चंद्रावर जाऊन परत आलीय, आणि तिथे तेलही बदललेलं नसणार."

"पण खरे असं लिहिलंय."

"तेच तर. खरं असतं ते कोण लिहितं?"

संध्याकाळपर्यंत आठ लाखांचा आकडा चौथ्या मजल्यावर पोचला होता, आणि तिथे लिफ्टची वाट बघताना तो नऊ झाला. घरी सासूबाईंना आकड्याशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांनी छपराची चौकशी केली. छप्पर उघडतं म्हटल्यावर त्यांनी हातातलं विणकाम खाली ठेवलं. या देशात माणसं लढाईत मरतात, म्हातारपणाने मरतात आणि आरपार वाऱ्याने मरतात, आणि तिसऱ्या प्रकाराने जास्त मरतात, असं सासूबाईंचं पक्कं मत. त्यांच्या घरात दोन खिडक्या एकाच वेळी कधी उघडल्या गेल्या नव्हत्या. आता जावई अठराशे युरो मोजून वाऱ्याचा झोत विकत घेणार होता. "आणि माणसं किती बसतात म्हणालात?" त्यांनी विचारलं. दोन, असं वेलिमिर म्हणाला. सासूबाईंनी विणकाम पुन्हा हातात घेतलं आणि 'कळलं मला काय ते' एवढं म्हणून त्या दोन दिवस गप्प राहिल्या. वेलिमिरची बायको रादोयका म्हणाली की गाडीत काही वाईट नाही, फक्त तिने आजवर एवढी शांतता या घरात पाहिली नव्हती.

गाडी बघायला एकट्याने जायचं असं वेलिमिरने ठरवलं होतं. पण स्रेतेनला न घेता गाडी बघायला जाणं म्हणजे त्याच्याशी नातं तोडणं. स्रेतेन हा वेलिमिरचा कूम. लग्नात तो साक्षीला उभा राहिला, मुलीच्या बाप्तिस्म्याला त्यानेच तिला हातावर घेतलं. हे नातं रक्ताच्या नात्याहून जड. भावाशी भांडता येतं, बापाला उलट बोलता येतं, पण कूमशी खोटं बोलणं हे पाप कुठल्याही पाद्र्याकडून माफ होत नाही. स्रेतेन वजनानेही जड होता. त्याचा मालवाहतुकीचा धंदा होता आणि आपल्याला गाड्यांतलं सगळं कळतं अशी त्याची समजूत होती.

गाडीवाल्या बाईंचं नाव येलिसावेता. नदीपलीकडे डाळिंबी रंगाचं छोटं घर, दारात बाकडं, आणि बाकड्याशेजारी हिरवं कापड पांघरलेली ती गाडी. बाई सत्तरी ओलांडलेल्या, उंच आणि ताठ. त्यांना पाहताच वेलिमिरने नकळत कोटाचं बटण लावलं, कारण त्या वजन-मापे खात्याच्या निवृत्त निरीक्षक होत्या आणि त्याच्या दुकानातला तराजूही त्यांनी कित्येकदा तपासला होता. नोकरीभर त्या जिल्ह्यातल्या खाटकांचे काटे आणि पेट्रोलचे पंप मोजत, त्यांना सील लावत हिंडल्या. सरकारी गाडी कधी चालू होत नसे म्हणून त्यांनी स्वतःची घेतली, आणि घेतली ती ही. तिचा आवाज सगळ्या बाजाराला ओळखू यायचा. हिरवी गाडी पुलावर आली की बाजारातले खाटीक तराजूवरचे अंगठे उचलायचे. जाणती गिऱ्हाइकं तोच मुहूर्त धरून मांस घ्यायची.

बाईंनी दोघांपुढे चमचाभर मुरांबा आणि पाण्याचे पेले ठेवले. गाडी का विकताय असं विचारल्यावर त्यांनी गुडघ्यांकडे बोट दाखवलं. तिच्यात बसता येतं, म्हणाल्या, पण उठता येत नाही. मागच्या महिन्यात पोस्टमनने ओढून काढलं होतं.

स्रेतेनने मुरांबा संपवला आणि खुर्ची पुढे ओढली. "बाई, आता आपल्या आपल्यात बोलू. किती झालेत?"

"चार लाख बारा हजार."

"ते वाचलं. पण खरे किती?"

"चार लाख बारा हजार."

स्रेतेनने डोळा मिचकावला. बाईंनी त्याच्याकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाल्या, "मी जन्मभर लोकांच्या काट्यांना सीलं लावली. माझ्याच गाडीचा काटा मी खोटा ठेवीन?"

बाहेर आल्यावर स्रेतेन वेलिमिरच्या कानात म्हणाला की बाई फार सराईत आहे, एवढ्या सरळ तोंडाने त्यालासुद्धा जमलं नसतं.

मग वेलिमिर स्टिअरिंगमागे बसला. बसला म्हणजे जवळजवळ आडवा झाला. किल्ली फिरवली आणि पाठीमागून असा काही आवाज आला, की आपण छप्पन्न वर्षं नेमकं काय करत होतो असा प्रश्न त्याला पडला. गावाबाहेर डोंगराचा रस्ता लागला. वळणावर गाडी रस्त्याला चिकटून राहिली, उतारावर पुढे झेपावली, आणि वेलिमिरला आपण फार आनंदात आहोत हे कळलं. असं काही त्याला बऱ्याच वर्षांत कळलेलं नव्हतं. "ऊन छान आहे, छप्पर उघडू या," असं तो म्हणाला तेही आनंदाच्या भरात.

छप्पर उघडलं. मिटायची वेळ आली तेव्हा बाईंनी निघताना सांगितलेलं दोघांना आठवलं. ते मिटवायला दोन्ही बाजूंनी दोन माणसांनी उतरून एकाच वेळी ओढावं लागतं. पण स्रेतेन एकदा त्या गाडीत बसल्यावर त्यालाही उठता येत नव्हतं. त्याने दोनदा प्रयत्न केला, तेव्हा गाडीचीच एक बाजू वर आली. निरुपायाने दोघं उघड्या गाडीतून परत निघाले, आणि परतीचा रस्ता बाजारातून जातो. खाटकांनी सवयीने अंगठे उचलले. कोबी घेणारा गोयको पिशवी खाली ठेवून बघत राहिला. गाडीत पांढरे केस उडवत बसलेला वेलिमिर आणि त्याच्याशेजारी गळ्याभोवती गाडी पुसायचं फडकं गुंडाळून डोळे मिटलेला स्रेतेन, हे दृश्य अर्ध्या वाल्येवोने पाहिलं. दुसऱ्या दिवशी स्रेतेनची मान आखडली. सासूबाईंनी हे ऐकलं आणि दोन दिवसांचं मौन सोडलं. त्या म्हणाल्या, "मानेवरच निभावलं, हे नशीब."

गोयकोने बाजारातून येऊन इमारतीत सांगितलं की वेल्याने गाडी घेतली. संध्याकाळी दार वाजलं. बाहेर सात-आठ शेजारी आपापले ग्लास घेऊन उभे होते. नवी गाडी आली की मालकाने शेजाऱ्यांना पाजायची आणि दोन थेंब चाकावर शिंपडायचे, म्हणजे गाडी सुखरूप चालते. न पाजणाऱ्याच्या गाडीचं काय होतं याच्या कथा इमारतीत पुष्कळ आहेत. वेलिमिरने दारातच सांगितलं की अजून घेतलेली नाही, नुसती चालवून पाहिली. गोयको म्हणाला, "हो हो, पाजायच्या वेळी सगळे असंच म्हणतात," आणि आत आला. मग सासऱ्यांनी लावलेल्या आलुबुखारांची जपून ठेवलेली रकिया दारू निघाली, धुरावलेलं डुकराचं मांस निघालं, चीज निघालं. लेखापाल म्हणून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्याने गाडीला दीर्घायुष्य चिंतणारं भाषण केलं. शिंपडायला चाक नव्हतं म्हणून त्यांनी सासूबाईंच्या विणकामाच्या टोपलीच्या चाकावर शिंपडलं. रात्री ग्लास धुताना रादोयका म्हणाली, "आता घ्यायला हवी रे. लोक पिऊन गेले."

वेलिमिरला यात अपमान वाटला. जन्मात एक गोष्ट स्वतः ठरवायची म्हटली, तर तीही शेजाऱ्यांनी बाटलीभर रकियात ठरवून टाकली. आपण मनाने घेतली तरच घ्यायची, नाहीतर पाजलेलं पाजलं, असं त्याने स्वतःला बजावलं. आणि मनाने घ्यायची तर एक गोष्ट आधी कळायला हवी होती. बाई खरं बोलते की नाही?

म्हणून बाईंची परवानगी काढून तो गाडी रातोमिर मिस्त्रीकडे घेऊन गेला. स्रेतेन आखडलेल्या मानेने आला. गोयकोला कोणी बोलावलं नव्हतं, पण तोही आला. रातोमिरने बॉनेट उघडलं, कान लावला, तेल बोटावर घेऊन वासही घेतला. खाली शिरला, वर आला आणि हात पुसत राहिला. "गंमत आहे," तो म्हणाला. "इंजिन बघून मी दोन लाख म्हटलं असतं. फार तर सव्वादोन."

बाई गाडी जपते, तेल वेळेवर बदलते, एवढा अर्थ कुठल्याही देशात कोणीही काढला असता. तो तिथे कोणाच्याही डोक्यात आला नाही. सगळे काट्यावर वाकले. मग स्रेतेन पूर्ण अंगाने वळला, कारण मान वळत नव्हती, आणि हळू आवाजात म्हणाला, "तिने वाढवलेत."

असा प्रकार वाल्येवोच्या इतिहासात घडलेला नव्हता. रातोमिरने तीस वर्षांत शेकडो काटे मागे फिरवले होते, पुढे एकही नाही. माणूस फायद्यासाठी खोटं बोलतो हे सगळ्यांना समजतं. स्वतःच्या तोट्यासाठी खोटं बोलणाऱ्या माणसापासून मात्र लांब राहिलेलं बरं, असं गोयकोचं म्हणणं पडलं. गाडी चोरीची असेल का, बाई कर चुकवत असेल का, की खात्यातल्या जुन्या भत्त्यांचं काही असेल, म्हणजे जेवढे किलोमीटर तेवढे पैसे? भत्त्यांचा तर्क सगळ्यांना फार आवडला. वेलिमिर मधे बसून ऐकत होता आणि बाईंनी ज्या डोळ्यांनी बघितलं होतं ते त्याला आठवत होतं. आपल्याला त्यांच्यावर विश्वास ठेवायचा आहे आणि तो बसत नाही, याचा त्याला मनापासून त्रास होत होता. निघताना रातोमिरने खांद्यावर हात ठेवून सांगितलं की गाडी घेतलीच तर तो आकडा एक लाख अठ्ठ्याहत्तरवर आणून देईल. पैसे नकोत, तेल बदलायला आलास की त्यातच. "रात्री झोप तरी लागेल तुला," असं तो खरोखर कळवळ्याने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वेलिमिर एकटाच बाईंकडे गेला आणि आपला विश्वास आहे असं सांगून टाकलं. सांगताना तो बाकड्याकडे बघत होता. बाईंनी पुरतं ऐकून घेतलं. "खाटीकसुद्धा असेच खाली बघून बोलायचे," त्या म्हणाल्या. वेलिमिर गडबडला आणि गडबडीत त्याच्या तोंडून मिस्त्रीची सूचना बाहेर पडली. त्याला बाईंचं भलंच करायचं होतं. आकडा एक लाख अठ्ठ्याहत्तर असता तर कोणीही डोळे झाकून चार हजार दिले असते, असं तो म्हणाला, आणि हे अगदी खरं होतं. बाई हळूहळू उठल्या. "तीन महिन्यांत अकरा लोक आले," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाने मला डोळा मारला. तुम्ही मारला नाहीत, म्हणून मी तुम्हाला चालवायला दिली." त्यांनी गाडीवर कापड ओढलं आणि दार लावून घेतलं.

पुढचा आठवडा वेलिमिरने पांढऱ्या कोटात काढला. गिऱ्हाइकं औषधाबरोबर सल्ला देऊन जात. कोणी म्हणे घे, कोणी म्हणे भत्त्यांचं प्रकरण आधी मिटू दे. जिन्यात गोयको रोज विचारी की चाक कधी दिसणार. वेलिमिरला आता सगळ्यात जास्त खटकत होतं ते हे, की डोळा न मारल्याबद्दल ज्या बाईंनी त्याला गाडी चालवायला दिली, त्यांच्यासमोर तो मनातल्या मनात डोळा मारतच उभा राहिला होता. रविवारी तो पुन्हा नदीपलीकडे गेला. बाई बाकड्यावर बसल्या होत्या. या वेळी त्याने वर बघितलं.

"बाई, माझा विश्वास आहे असं मला म्हणता येत नाही," तो म्हणाला. "मी आजवर खरा आकडा बघितलेलाच नाही. तो कसा दिसतो ते मला कुठून कळणार? पण गाडी मला हवी आहे, आणि तुमच्या शब्दावर मी ती घेतो. कोणी विचारलं तर तुमचाच आकडा सांगेन."

"कोणीही विचारलं तरी?"

"कोणीही."

बाईंनी गाडीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "उद्या या," म्हणाल्या.

सोमवारी नोटरीच्या कचेरीत अर्धा दिवस गेला. तिथल्या मुलीने करारात एक लाख बेचाळीस हजार लिहिले. चूक दाखवल्यावर तिने माफी मागितली, हात सवयीनेच तिकडे गेला म्हणाली, आणि नवा कागद काढून पुन्हा फी घेतली. मग 'चार लाख' बघून साहेब बाहेर आले. आकडा चुकला नाही ना, कोणी दबाव तर आणत नाही ना, असं त्यांनी वेलिमिरला बाजूला घेऊन विचारलं. बाई त्या वेळी साहेबांच्या टेबलावरचा टपालाचा छोटा काटा निरखत होत्या. तो काटा चांगलाच जास्त दाखवत होता, हे त्यांनी साहेबांना जाता जाता सांगितलं. त्यानंतर शिक्के लवकर पडले.

इमारतीखाली गाडी लागली तेव्हा शेजारी पुन्हा ग्लास घेऊन उतरले. टोपलीच्या चाकावरचं पहिलं शिंपडणं धरायचं नाही, असं ठरलं होतं. गोयको काट्यावर वाकला, सरळ झाला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "वेल्या, आता तुझी झाली. आता तरी सांग. खरे किती?"

"चार लाख बारा हजार," वेलिमिर म्हणाला.

गोयकोने त्याला मिठीत घेतलं. या इमारतीत वीस वर्षं आपण ज्याला साधाभोळा समजत होतो तो इतक्या सरळ चेहऱ्याने थाप मारू शकतो, याचा त्याला अभिमान वाटत होता. लेखापालांनी टोपी काढली. वेलिमिरला गावात एवढा मान कधीच मिळाला नव्हता, आणि तो खोटेपणाबद्दल मिळावा हे त्याला बोचत होतं. पण त्याने शब्द पाळला होता, एवढं समाधान होतं. रादोयकाने शेजारी बसून नदीकाठापर्यंत एक फेरी मारली आणि येताना केस सारखे न करता वर गेली. सासूबाईंनी खिडकीतून बघितलं, दोन्ही खिडक्या बंद ठेवून.

स्रेतेन मात्र त्या दिवशी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने वेलिमिरला आपल्या अंगणात बोलावलं आणि दोन ग्लास भरून समोर बसला. मान अजून फडक्यात होती.

"त्यांना तू काहीही सांग," तो म्हणाला. "शेजारी आहेत ते. पण मी तुझा कूम आहे. तुझ्या पोरीला मी हातावर घेतलंय. मला खरं सांग."

"चार लाख बारा हजार."

स्रेतेनने उचललेला ग्लास तसाच धरला. "माझ्याशीसुद्धा?"

"अरे, पण खरंच."

"एकतीस वर्षं, वेल्या. एकतीस वर्षांत मी तुझ्याशी कधी खोटं बोललो नाही. ट्रकांचे आकडेसुद्धा मी तुला खरे सांगतो, माझ्या बायकोला सांगत नाही." त्याने ग्लास न पिता खाली ठेवला. एवढा मोठा माणूस रडायच्या बेताला आला होता. वेलिमिरला त्याचं फार वाईट वाटलं. खरं सांगत राहिलो तर कूम जातो, हे त्याला स्वच्छ दिसलं, आणि तो मुळात धीराचा माणूस नव्हता.

"बरं," तो म्हणाला. "आठ लाख."

स्रेतेन उठला आणि त्याने वेलिमिरचे तीन मुके घेतले. त्याचा चेहरा पार उजळला. "हे असं सांगावं माणसाने. माझ्या तोंडून कोणाला कळणार नाही." वेलिमिर घरी आला आणि न जेवता झोपला.

अर्थात आठवडा संपायच्या आत सगळ्या बाजाराला कळलं. शनिवारी सकाळी औषधांच्या दुकानात रांग होती. पुढे गोयको रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला, त्याच्यामागे स्रेतेन मानेचं मलम घ्यायला, आणि त्यांच्यामागे काठी टेकत येलिसावेताबाई आल्या. सगळ्यांनी त्यांना आदराने पुढे जाऊ दिलं. बाई गल्ल्यापाशी आल्या.

"बाजारात ऐकलं," बाई म्हणाल्या, "गाडी आठ लाख चाललीय. तुम्ही म्हणालात असं ऐकलं."

वेलिमिरने बाईंच्या खांद्यावरून स्रेतेनकडे बघितलं. स्रेतेन फडक्यात मान आवळून उभा होता. आता जे बोलू त्याने एक तरी माणूस जाणार, हे वेलिमिरला ठाऊक होतं. पण बाईंकडे बघून बोलायला त्याला या वेळी जड गेलं नाही.

"म्हणालो," तो म्हणाला. "स्रेतेनला मी खोटं सांगितलं. माझा कूम आहे, तरी सांगितलं. बाई, आज सकाळी काट्यावर चार लाख बारा हजार दोनशे चाळीस आहेत, आणि ते खरे आहेत."

स्रेतेनने त्याच्याकडे एकटक बघितलं. मग त्याचा चेहरा सैल झाला आणि डोळे मायेने ओले झाले. म्हाताऱ्या बाईची अब्रू राखायला वेल्याने चारचौघांत केवढा कमीपणा घेतला, असं त्याने गोयकोला कुजबुजून सांगितलं. गोयकोने गंभीरपणे मान हलवली. मग दोघांनी मिळून वेलिमिरला डोळा मारला.

बाईंनी मागे वळून बघितलं नाही. "दोनशे चाळीस," त्या म्हणाल्या. "म्हणजे चालवता रोज. चांगलं." मग त्यांनी गुडघ्यांचं मलम मागितलं. वेलिमिरने डबी काढून गल्ल्यावर ठेवली. या दुकानातली कुठलीही वस्तू तराजूवर ठेवल्याशिवाय बाईंनी कधी उचलली नव्हती, म्हणून त्याने तराजू त्यांच्याकडे सरकवला.

"पन्नास ग्रॅम आहे ना?" बाईंनी विचारलं.

"आहे."

बाईंनी डबी पिशवीत टाकली, पैसे ठेवले आणि काठी टेकत निघून गेल्या.